भिणारा हेर

हेरकथेतला नायक हरू शकतो हे मनापासून पटले की मगच वाचकाला खरी भीती वाटू लागते. जो पहिल्या पानापासून अजिंक्य आहे, त्याच्यावर दहा मारेकरी एकदम धावून आले तरी वाचकाच्या हातातला चहा गार होत नाही. तो वाचत राहतो ते या वेळी कोणती युक्ती, एवढे पाहण्यासाठी. पण चाळिशी उलटलेला, जिना चढताना धाप लागणारा एखादा माणूस परक्या गावात खोट्या नावाने उतरतो, लॉजच्या वहीत सही करताना क्षणभर अडखळतो, काउंटरवरचा कारकून मान वर करून पाहतो, आणि पुढचे पान उलटण्याची घाई होते. तिथे पिस्तूल नाही, मोटारींचा पाठलाग नाही. एक सही आहे. ती चुकली तर काय होईल हे वाचकाला सांगावे लागत नाही, कारण सही न जुळण्याची धास्ती त्याने बँकेतही घेतलेली असते.

हेरकथा ही रहस्यकथेच्या मोठ्या घराण्यातली एक शाखा, पण गुन्हेशोधाच्या कथेहून तिचा स्वभाव निराळा. गुन्हेशोधाच्या कथेत खून होऊन गेलेला असतो आणि शोध घेणाऱ्याच्या पाठीशी कायदा असतो. शेरलॉक होम्सला अटक होण्याची भीती नसते. हेर मात्र ज्या देशात काम करतो त्या देशाच्या दृष्टीने स्वतःच गुन्हेगार. घरमालक, शेजारी, पोस्टमन, कोणीही त्याच्यावर नजर ठेवून असू शकतो. पकडला गेला तर त्याचे स्वतःचे सरकारही त्याला ओळख देत नाही. माणसाला इतक्या एकटेपणात उभे करायचे आणि मग त्याला अचाट ताकद द्यायची, म्हणजे आधी पेच घालायचा आणि लगेच तो सोडवून टाकायचा. म्हणूनच माणसासारखा नायक ही या प्रकाराची मूळ गरज आहे.

प्रत्यक्ष हेरगिरीचा इतिहासही याच बाजूचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांचे प्रकार दिले आहेत. विद्यार्थ्याच्या वेशातला कापटिक, संन्यास सोडलेला उदास्थित, शेतकरी असलेला गृहपतिक, व्यापारी वैदेहक, तपस्व्याच्या रूपातला तापस. हिंडत्या हेरांमध्ये भिक्षुकीही आहे. जिवावर उदार होऊन मारणारा तीक्ष्ण आणि विष घालणारा रसद हेही त्या यादीत आहेत, पण यादीचा भर त्यांच्यावर नाही. बहुतेक सगळे असे लोक, की जे गावात रोज दिसतात आणि म्हणूनच कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सर्वेक्षण खात्याने तिबेटचा नकाशा काढण्यासाठी जे ‘पंडित’ पाठवले, त्यांतला नैनसिंग रावत हा कुमाऊँमधल्या मिलम गावचा शाळामास्तर. परक्यांना तिबेटात बंदी होती. नैनसिंग यात्रेकरूच्या वेशात ल्हासापर्यंत गेला. त्याच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते, दर शंभर पावलांना तो एक मणी ओढत असे, आणि त्याची २,००० पावले म्हणजे एक मैल असे शिकवणीत पक्के केलेले होते. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या कागदाऐवजी टिपणे होती. उंची मोजायची तर पाणी उकळायचे आणि त्याचे तापमान पाहायचे. वर्षभराहून अधिक काळ पावले मोजत चालणे, मध्ये कोणी बोलायला आले तरी आकडा न विसरणे, हा या हेराचा पराक्रम.

मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने ‘किम’ (१९०१) या कादंबरीत हेच जग घेतले. त्यातला हरी चंदर मुखर्जी हा बंगाली बाबू लठ्ठ आहे, इंग्रजी मानसन्मानाचा भुकेला आहे आणि आपण फार भित्रे आहोत हे येता-जाता सांगतो. तोच हिमालयात जाऊन परकीय हेरांच्या गळ्यात पडतो, त्यांचा वाटाड्या बनतो, आणि त्यांचे कागद गेल्यावर गोड बोलून त्यांना डोंगरांतून बाहेर आणून सोडतो. किपलिंगला बाबूची थट्टा करायची होती हे उघड आहे. साम्राज्याचा चष्मा त्याने कधी उतरवला नाही. तरीही पुस्तक मिटल्यावर चलाख किमपेक्षा हा भित्रा बाबूच अधिक खरा वाटतो. ज्याला भीती वाटत नाही त्याच्या धाडसाला मोल कसले?

मराठी माणसाच्या मनातला पहिला हेर म्हणजे शिवाजी महाराजांचा बहिर्जी नाईक. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत तो येतो तो दोन कामांसाठी. सुरतेची बातमी त्याने आणली. पुढे जालन्याच्या लुटीनंतर मोगल फौजा अंगावर आल्या तेव्हा आडवाटेने लष्कर सुखरूप काढून पट्टा किल्ल्याकडे त्याने नेले. तलवारबाजीचा प्रसंग नाही. बहिर्जीची किमया बातमीत आणि वाटांच्या माहितीत होती. आजचा पालघर जिल्हा त्या सुरत स्वारीच्या बाजूचाच मुलूख. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेला जाताना महाराज जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले आणि जव्हारच्या राजाने त्यांचे स्वागत केले, अशी परंपरागत कथा तिथे आजही सांगतात. शेकडो मैल दूरच्या श्रीमंत शहरावर घोडदळ नेऊन परत आणायचे, तर वाटेतले घाट, पाणी आणि मित्र-शत्रू आधी कोणीतरी पायी फिरून पाहून ठेवलेले असणार. सभासदाने चार ओळींत आटोपलेल्या या माणसाला नंतरच्या नाटक-कादंबऱ्यांनी वाटेल ती रूपे घेणारा जादूगार करून टाकले. त्यात मौज आहे, पण बखरीतला पायपीट करणारा बहिर्जी हरवला.

संस्कृतात मात्र विशाखदत्ताने हा तोल फार पूर्वीच साधला होता. ‘मुद्राराक्षस’ हे नाटक पूर्णपणे हेरगिरीवर उभे आहे. खोटी पत्रे, चोरलेली मुद्रा, यमाचा पट घेऊन दारोदार फिरणारा हेर, दोन्हीकडून पगार खाणारे लोक, सगळे त्यात आहे. चाणक्य त्यातला न चुकणारा बुद्धिमान. पण प्रेक्षकाचा जीव गुंततो तो हरणाऱ्या राक्षसात. नंदांचा हा निष्ठावंत अमात्य शेवटी शरण येतो, कारण त्याचा मित्र चंदनदास सुळावर चढायला निघालेला असतो. सैन्याने जो हातात आला नसता, तो मैत्रीमुळे आला. चाणक्यालाही हे ठाऊक होते, आणि सगळा डाव त्याने त्या एका जाणिवेवर मांडला.

आधुनिक हेरकथेला हा धडा पुन्हा शिकायला पहिले महायुद्ध लागले. त्याआधीचे आणि त्या सुमाराचे इंग्रजी नायक बहुतेक क्लबात बसणारे, शिकारीत तरबेज, देशासाठी मजेत जीव धोक्यात घालणारे. सॉमरसेट मॉम हा लेखक युद्धकाळात खरोखर ब्रिटिश गुप्तचर म्हणून स्वित्झर्लंड आणि रशियात होता. त्या अनुभवावरून त्याने ‘अ‍ॅशेंडेन’ (१९२८) लिहिले. त्याचा नायक बहुतेक वेळ वाट पाहतो, हॉटेलात जेवतो, अहवाल पाठवतो आणि वरिष्ठ काय ठरवतील ते त्याला कळत नाही. त्यातल्या एका कथेत चंद्र लाल नावाचा हिंदी क्रांतिकारक आहे. हे पात्र वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यावरून घेतले असे मानले जाते. त्याच्या प्रेयसीवर दबाव आणून ब्रिटिश त्याला सरहद्दीपार बोलावतात. तो विष घेतो. शेवटी ती बाई विचारते काय, तर आपण त्याला दिलेले बारा पौंडांचे घड्याळ परत मिळेल का. मराठी वाचकाला ही कथा वाचताना आपला माणूस मारला गेल्याची टोचणी लागते, आणि ब्रिटिश अ‍ॅशेंडेनलाही आपल्या कामाची चव कडू लागलेली दिसते. शत्रूला माणूस ठरवण्याचे धाडस त्या काळच्या हेरकथेत फार थोड्यांनी केले.

एरिक अ‍ॅम्बलरने पुढचे पाऊल टाकले. त्याचे नायक हेरच नाहीत. ‘एपिटाफ फॉर अ स्पाय’ (१९३८) मधला व्हदासी हा भाषाशिक्षक फ्रान्सच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवायला आला आहे. त्याचा कॅमेरा कोणाच्या तरी कॅमेऱ्याशी बदलतो, फिल्म धुतल्यावर तिच्यात नौदलाच्या तटबंदीचे फोटो निघतात, आणि पोलीस त्यालाच धरतात. त्याच्यापाशी धड कोणत्या देशाचे नागरिकत्वही नाही. हॉटेलातल्या पाहुण्यांमधला खरा हेर शोधून दे, नाहीतर हद्दपारीला तयार राहा, असे त्याला सांगितले जाते. तो शोध घेतो, पण अगदी गचाळपणे. भलत्यांवर संशय घेतो, घाबरतो, खोटे बोलताना अडकतो. कागदपत्र नसलेल्या माणसाची ही भीती आज जगात कितीतरी लोकांना ओळखीची वाटेल.

इयान फ्लेमिंगचा जेम्स बाँड १९५३ साली ‘कॅसिनो रोयाल’मधून आला आणि सगळे चित्रच बदलून गेले. मजेची गोष्ट अशी की त्या पहिल्या पुस्तकातला बाँड मार खातो, रुग्णालयात पडून राहतो, हा धंदा सोडावा का असा विचार करतो आणि ज्या बाईवर प्रेम केले ती शत्रूची हस्तक निघते. नंतरच्या सिनेमांनी त्याला ओरखडाही उठू न देणारा पुरुष केले. बाँडवरची प्रतिक्रिया मात्र पहिल्या पुस्तकानंतर दहा वर्षांतच आली. लेन डाइटनच्या ‘द इप्क्रेस फाइल’ (१९६२) मधल्या निवेदकाला नावही नाही. त्याला थकलेला पगार आणि प्रवासखर्चाची बिले यांची चिंता आहे. त्यावरच्या चित्रपटात मायकेल केनने चष्मा लावून, स्वतःच्या हाताने कॉफी करून, सुपरमार्केटात ट्रॉली ढकलत हा हेर उभा केला.

पण या शाखेचा खरा मालक जॉन ल कॅरे. खरे नाव डेव्हिड कॉर्नवेल, जन्म १९३१, मृत्यू २०२०. ब्रिटनच्या अंतर्गत आणि परदेशी, अशा दोन्ही गुप्तचर संस्थांत त्याने नोकरी केली होती. ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (१९६३) या कादंबरीने तो जगभर पोचला. बर्लिनची भिंत उभी राहून तेव्हा दोन वर्षे झाली होती. तिचा नायक लीमस दारूत बुडालेला, थकलेला, बडतर्फ झाल्याचे सोंग वठवणारा. आपण कोणत्या डावात आहोत हे आपल्याला ठाऊक आहे, अशी त्याची समजूत असते. ती खोटी ठरते, आणि तिची किंमत त्याच्याबरोबर एका निरपराध ग्रंथपाल तरुणीलाही मोजावी लागते. ल कॅरेचा दुसरा नायक जॉर्ज स्माइली बुटका, जाडा, ढगळ महागडे कपडे घालणारा, टायने चष्मा पुसणारा. बायको त्याला सोडून जाते, परत येते, पुन्हा जाते. ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७४) मध्ये तो आपल्याच खात्यातला देशद्रोही शोधतो तो जुन्या फायली वाचून आणि निवृत्त लोकांशी तासन् तास बोलून. कादंबरीभर बंदुकीचे काम जवळपास नाही. तरी ती खाली ठेववत नाही, कारण गुन्हेगार सापडणार म्हणजे आयुष्यभराच्या मित्रांपैकीच कोणीतरी सापडणार, हे स्माइलीला ठाऊक आहे आणि त्याला तो सापडायला नको आहे.

माणसासारखा नायक वाचकाला का धरून ठेवतो, याचे पहिले कारण इथे दिसते. अशा कथेत नायकाला जेवढे कळते तेवढेच वाचकाला कळते, आणि ते पुरेसे नसते. चित्रपटात हिचकॉकने दुसरी वाट घेतली. टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला सांगून ठेवायचे आणि टेबलाभोवतीच्या माणसांना बेसबॉलच्या गप्पा मारू द्यायच्या, हे त्याच्या ताणाचे आवडते सूत्र. दोन्ही वाटांनी जायचे तर नायक साधाच असावा लागतो. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) मधला जाहिरात कंपनीचा माणूस चुकून हेर समजला जातो, आणि मोकळ्या शेतात विमान त्याच्या मागे लागते तेव्हा त्याला पळण्यापलीकडे काहीही येत नसते. पळणे प्रत्येकालाच येते.

दुसरे कारण घरातले. हेराला सर्वांत जास्त खोटे बोलावे लागते ते शत्रूशी नव्हे; शत्रू भेटतो कधीतरी, घरचे रोज भेटतात. नोकरीच्या गावचे आयुष्य घरी न सांगणे, घरच्या अडचणी नोकरीत न दाखवणे, सासरी एक आणि माहेरी एक चेहरा ठेवणे हे साध्या संसारातही चालते. हेरकथा ते ताणून जीवघेणे करते. वाचक हेर नसतो, पण दुहेरी वागण्याचा शीण त्याला चांगला माहीत असतो. त्यामुळे ग्रॅहम ग्रीनच्या ‘अवर मॅन इन हॅवाना’ (१९५८) मधला व्हॅक्यूम क्लीनर विकणारा गृहस्थ मुलीच्या हौसेसाठी लागणारे पैसे उभे करायला खोटे हेर-अहवाल रचतो, तेव्हा हसूही येते आणि त्याचे पटतेही.

तिसरे कारण चुकांचे. अजिंक्य नायकाच्या चुका कथानकाला वळण देऊन विसरल्या जातात. खऱ्यासारख्या कथेत चुकीने कोणीतरी मरते, आणि ते मरण पुढच्या शंभर पानांत नायकाबरोबर चालत राहते. मिक हेरनच्या ‘स्लो हॉर्सेस’ (२०१०) या कादंबरीपासून सुरू झालेल्या मालिकेतले सगळे हेर चुकलेलेच आहेत. खात्याने त्यांना कंटाळून नोकरी सोडावी म्हणून एका कळकट कचेरीत टाकले आहे, आणि त्यांचा साहेब जॅक्सन लँब भोकाचे मोजे घालून टेबलावर पाय टाकून बसतो. पडद्यावर हा लँब ज्या गॅरी ओल्डमनने केला, त्यानेच २०११ मध्ये स्माइलीही केला होता.

मराठीत हेर आला तो मात्र अजिंक्य होऊन. बाबुराव अर्नाळकर (१९०६–१९९६), खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड दोन-तीन पिढ्यांनी वाचनालयांतून भाड्याने आणून, अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचले.  पुढे १९७० नंतर गुरुनाथ नाईक यांनी बाराशेहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या आणि कॅप्टन दीपला देशाच्या सरहद्दीवर पाठवले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांमधून गेलेल्या वाचकाला सैनिकी हेर हवाच होता. सुहास शिरवळकरांनी (१९४८–२००३) आपल्या रहस्यकथांत भाषा तरुण केली, संवादात कॉलेजचे वारे आणले.

या नायकांना कमी लेखण्याचे कारण नाही. महिन्याला अनेक पुस्तके लिहायची, ती एका बैठकीत वाचून होतील अशी ठेवायची, आणि वाचकाला पुन्हा त्याच नायकाकडे आणायचे, तर नायक जखमी आणि खचलेला ठेवून भागत नाही. पुढच्या महिन्यात तो ताजातवाना लागतो. मालिकेचे अर्थकारणच अजिंक्यपणा मागते. शिवाय गिरणीत, कचेरीत, वर्गात दिवसभर दुसऱ्याचे ऐकणाऱ्या माणसाला संध्याकाळी कोणाचेही न ऐकणारा झुंजार लागत होता, हेही खरे. मात्र त्यामुळे मराठी समीक्षेने हा सगळा प्रकारच हलका म्हणून बाजूला टाकला, आणि गंभीर लेखकांनी हेराकडे पाठ फिरवली. इंग्रजीत ग्रीन, मॉम यांच्या हाती जो विषय गेला, तो मराठीत पुष्कळसा मालिकाकारांच्याच हाती राहिला. तोटा दोघांचाही झाला.

मराठी मुलखातला माणसासारखा हेर शेवटी दिसला तो हिंदी पडद्यावर. राज आणि डी.के. यांची ‘द फॅमिली मॅन’ ही मालिका २०१९ मध्ये आली. तिचा नायक श्रीकांत तिवारी मुंबईत राहतो, दहशतवादविरोधी पथकात काम करतो, आणि घरी फायली हलवणारा सरकारी नोकर म्हणून ओळखला जातो. घराचे कर्ज, मुलीच्या शाळेतून येणारे बोलावणे, बायकोची वाढती नाराजी यांत तो जितका पिचतो तितका गोळीबारात पिचत नाही. त्याचा सहकारी जे.के. तळपदे हा मराठी माणूस. शारिब हाश्मीने तो असा केला आहे, की तो पुढच्या टेबलावर बसणारा ओळखीचा कोणीतरी वाटावा. पहिल्या पर्वात पथकाच्या चुकीने एक निरपराध विद्यार्थी मारला जातो, आणि ती चूक झाकली जाते. मालिका तिथे नायकाची बाजू सावरून घेत नाही. मेघना गुलजार यांच्या ‘राझी’ (२०१८) मध्येही, १९७१ च्या युद्धाआधी पाकिस्तानी लष्करी घरात सून म्हणून गेलेली सेहमत घरातल्या जुन्या नोकराला मारते आणि मग कोसळते. शत्रूच्या घरची माणसे चांगली निघाली, हा तिचा खरा पेच.

लिहायला हवे होते असे विषय जवळपासच पडून आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे ‘एरेनफेल्स’ हे मालवाहू जहाज गोव्यात मुरगाव बंदरात अडकून होते. पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे ब्रिटिशांना उघड हल्ला करता येत नव्हता. जहाजावरच्या छुप्या यंत्रावरून पाणबुड्यांना बातम्या जातात, असा त्यांचा समज होता. ब्रिटिश गुप्त संघटनेने काम दिले ते कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या हौशी पलटणींतल्या अठरा जणांना. हे कोण, तर कलकत्त्यातले व्यापारी आणि कंपन्यांचे अधिकारी, पोट सुटलेले, बरेचसे मध्यमवयीन. ‘फीबी’ नावाच्या संथ गाळवाहू बार्जवरून ते गोव्याकडे आले. ९ मार्च १९४३ च्या पहाटेपूर्वी त्यांनी जहाजावर चढाई केली. जर्मन खलाशांनी स्वतःच आग लावून जहाज बुडवले, आणि ते पाहून बंदरातल्या इतर जर्मन-इटालियन जहाजांनीही तेच केले. कोणाला पदक मिळाले नाही; बोलायचीही बंदी होती. जेम्स लीझरने १९७८ मध्ये पुस्तक लिहिले तेव्हा ही गोष्ट लोकांपुढे आली. १९८० च्या ‘द सी वुल्व्ह्‌ज’ या चित्रपटात त्या ऐटीत नसलेल्या माणसांच्या गोष्टीतली एक प्रमुख भूमिका दिली गेली ती तेव्हा बाँड करणाऱ्या रॉजर मूरला. त्या रात्री मुरगावच्या धक्क्यावर गोवेकरांनी काय पाहिले असेल, या बाजूने ही गोष्ट मराठीत किंवा कोकणीत लिहिण्यासारखी आहे.

डहाणू-तलासरीची गोष्ट याहून कठीण. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. तिथे वारली आदिवासी गेले, आणि २३ मे १९४५ रोजी झरी गावी त्यांची स्वतःची परिषद भरली. गोदावरी (गोदूताई) आणि शामराव परुळेकर हे तिचे पुढारी. वेठबिगार संपली, आणि ऑक्टोबरात गवतकापणीच्या मजुरीसाठी संप सुरू झाला. १० ऑक्टोबरला पाड्यापाड्यांतून निरोप फिरला, की गोदूताई तलवाड्याला येणार आहेत आणि जमीनदारांचे गुंड त्यांचा जीव घेणार आहेत, तेव्हा लाठ्याकाठ्या घेऊन या. निरोप खोटा होता. चळवळीच्या सांगण्यानुसार तो जमीनदारांच्या माणसांनी सोडला होता, आणि तिकडे पोलिसांना कळवले होते की वारली हत्यारे घेऊन जमत आहेत. हजारो वारली तलवाड्याला लाल झेंड्याभोवती बसून राहिले. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. जेठ्या गांगड याच्यासह पाच जण मारले गेले.

हेरगिरीच्या पाठ्यपुस्तकात शोभेल असा हा डाव आहे. एकाच वेळी दोन बाजूंना दोन वेगळ्या खोट्या बातम्या द्यायच्या, आणि दोघांच्या खऱ्या भावना वापरून घ्यायच्या. चाणक्याने राक्षसाची मैत्री वापरली, इथे गोदूताईंवरची माया वापरली गेली. रानशेत, कासा, उधवा अशा गावांच्या विखुरलेल्या पाड्यांत निरोप तोंडी जात. लिहिता-वाचता येणारे फार थोडे, त्यामुळे पत्र, सही, शिक्का पाहून खातरजमा करण्याची सोय नाही. सांगणारा माणूस ओळखीचा असला की निरोप खरा. म्हणजे कोणीतरी ओळखीच्यानेच तो पहिल्यांदा सांगितला असणार, कदाचित स्वतः फसून. त्या माणसाचे पुढे काय झाले? दुसऱ्या दिवशी तो कोणाच्या घरी बसला, काय बोलला? हेरकादंबरी इथून सुरू होऊ शकते, आणि तिच्या नायकाला बंदुकीचा चाप ओढता येण्याची काही गरज नाही. चळवळीच्या पुढच्या वर्षांत कार्यकर्ते भूमिगत झाले तेव्हा त्यांना याच पाड्यांनी लपवले. परका माणूस जंगलात शिरला की त्याची खबर त्याच्या आधी पुढच्या पाड्यावर पोचत असे. जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो तिथे वेशांतर करून भागत नाही, कोणाच्या घरी जेवायला बसता यावर सगळे ठरते.

या प्रकाराशी ओळख करून घ्यायची असेल त्या वाचकाने ल कॅरेची १९६३ ची कादंबरी आधी घ्यावी. ती छोटी आहे आणि बाकीच्या सगळ्यांची उंची तिच्यावरून मोजता येते. त्यानंतर गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ पुन्हा उघडावे. १९७० मध्ये आलेल्या आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकाकडे चळवळीचा इतिहास म्हणूनच पाहिले जाते. निरोप कोण नेतो, कोणावर विश्वास ठेवला जातो आणि कोण फुटतो, एवढ्याच गोष्टींवर लक्ष ठेवून ते एकदा वाचावे.